बाळसं

शेवंती पुढ्यात येऊन बसली तशी कमळीनं रोजच्या सवयीनं आपणहून पाय पुढे केला. शेवंतीनं ते पाऊल डाव्या हातात घेतलं, वरच्या बाजूनं अंगठा टेकवला आणि दाबून धरला. एक मोठा श्वास घेऊन सोडला. मग अंगठा उचलून ती खाली वाकली.

खळगा राहिला होता की नव्हता? खोलीत धड उजेड असता तर कळलं असतं. सकाळ चांगली वर आली होती, पण खिडकी घट्ट लावलेली आणि फटींत ओली फडकी कोंबलेली होती. काल दुपारी चाळीच्या चौकात अश्रुधुराची नळकांडी येऊन पडली, तेव्हा गॅलरीतले वाळत घातलेले कपडे ओढून घेऊन तिनं दारं-खिडक्या लावल्या, त्या अजून उघडल्या नव्हत्या. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओनं सांगितल्यापासून लालबाग-परळ नुसतं पेटलं होतं. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर कर्फ्यू. तिचा नवरा कुशाबा परवा मोर्चाला म्हणून गेला तो प्रभादेवीला मावसभावाच्या खोलीत अडकून पडला होता. सुखरूप आहे असा निरोप गच्च्यागच्च्यांवरून इथवर पोचला होता. एरवी तेवढ्यानं तिच्या जिवाला स्वस्थता आली नसती. आज मात्र नवऱ्याची काळजी करायला तिला सवडच नव्हती.

तिनं पोरीला दाराशी आणलं आणि उजेडाच्या बारीक पट्टीत पाऊल धरलं. सात महिन्यांच्या पोरीचं गुबगुबीत पाऊल ते, त्याला मुळातच वळ्या पडलेल्या. त्यातली वळी कुठली आणि खळगा कुठला, हे देवालासुद्धा सांगता आलं नसतं. कमळीनं पाय झटकला आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या पापण्या फुगल्या होत्या. रात्री निजवली तेव्हा त्या तशा नव्हत्या.

तेवढ्यात दार ढकलून शेजारची जाईबाई वाटी घेऊन उभी राहिली. कर्फ्यू रस्त्यावरचा, गॅलरीतला नाही, असं तिचं म्हणणं होतं.

“साखर असली तर दे गो थोडी,” ती म्हणाली आणि कमळीकडे पाहून तिचा चेहरा फुलला. “अगो बाई, पोरीनं काय बाळसं धरलंय. गाल बघ हिचे.”

गणपतीपासून या खोलीत तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. जाईबाईला ते ठाऊक होतं, पण तिची जीभ तिच्या ताब्यात कधीच नसे.

तेव्हाही हाच शब्द होता. कमळी तीन महिन्यांची असेल. दिवसेंदिवस भरत चाललेली. मजल्यावरची प्रत्येक बाई येऊन गाल ओढायची आणि बाळसं म्हणायची. सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची ती शेवंतीची सासू. म्हातारी मुद्दाम मालवणाकडून बाळंतपणाला आली होती. पहिलं नातवंड. गावाला जन्मभर लालसर, जाड उकडा तांदूळ खाल्ला, पण बाळंतिणीच्या पानात असलं भरड काय वाढायचं, म्हणून तिनं कुशाबाकडून पांढराशुभ्र महागाचा तांदूळ आणवला. तो पाणी नितळ येईस्तोवर धुवायचा, त्याचा मऊ भात, वर तूप, जिरं-मिरं. डाळ वातूळ, भाजी थंड, मासळीचं तर नाव नको. तीन महिने शेवंतीनं तेवढंच खाल्लं. स्वतःच्या पानात म्हातारी उकडाच वाढून घ्यायची.

मग पोरीचा आवाज बसला. ती रडायची, तोंड लालबुंद व्हायचं, ओठ थरथरायचे आणि आवाज काही यायचा नाही. शेवंती म्हणाली, इस्पितळात दाखवू या. सासू म्हणाली, थांब, नजर लागलीय, मी उतरवते. गुणाची पोर आहे, रडून त्रास देत नाही, असं जाईबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी ओठ निळे पडले तेव्हा तिला उचलून इस्पितळात पळवली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. कणकेच्या गोळ्यात राहावा तसा खळगा राहिला.

“बघा,” त्या म्हणाल्या, “याला बाळसं म्हणत नाहीत. ही सूज आहे. आई काय खाते?”

म्हातारी पुढे झाली आणि त्या तांदळाचं सारं सांगितलं, अगदी कौतुकानं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी समजावलं, की तांदळाचं सत्त्व वरच्या कोंड्यात असतं, ते गिरणीत गेलं, उरलंसुरलं धुण्यात गेलं. आईच्याच अंगात नाही ते दुधात कुठून येणार. रोगाचं इंग्रजी नाव त्यांनी सांगितलं, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते एवढंच, की दुपारपर्यंत थांबला असतात तर पोर गेली असती. एका इंजेक्शनावर दुसऱ्या दिवशी सूज उतरली आणि कमळी वॉर्डाचं छप्पर उडेल अशी रडली. तो आवाज ऐकून शेवंतीही रडली होती. म्हातारी दाराबाहेरच उभी होती, ती आत आली नाही.

तेव्हापासून घरात सगळ्यांना उकडा शिजू लागला. शेवंतीनं सासूला एका शब्दानं बोल लावला नव्हता. सासूनंही विषय काढला नव्हता. फक्त कमळीला ती आपणहून उचलेनाशी झाली. कुणी मांडीवर दिली तर घ्यायची, नाहीतर लांबून बघत बसायची. शेवंतीला वाटे, म्हातारीला राग आला असावा. वाटे, असू दे.

“गप्प का गो झालीस?” जाईबाईनं विचारलं आणि कमळीच्या पोटाला गुदगुल्या केल्या.

कमळीला ते आवडलं नाही. तिनं तोंड पसरलं. आधी कापड फाटावं तशी एक खरखर आली आणि मग नुसताच वारा. तोंड लाल, ओठ थरथरताहेत आणि आवाज नाही.

शेवंतीनं पोरीला छातीशी धरलं.

“जाईबाई, कर्फ्यू कधी उठणार?”

“चारला दोन तास उठवतील म्हणतायत. का गो?”

चार म्हणजे दुपार उलटून गेलेली. तिनं कमळीला दुपट्यात गुंडाळलं, पदर खोचला, चपला पायांत सरकवल्या. जाईबाई वाटी तशीच धरून भिंतीशी सरकली.

मोरीपाशी तांदूळ निवडत बसलेली सासू सूप बाजूला ठेवून उठली.

“खंय चाललंस?”

“इस्पितळात.”

“भायर गोळ्ये घालतत.”

“घालू देत.”

“जरा थांब गो. माका बघूंदे तिका.”

“आये, मागच्या खेपेलाही तुम्ही थांब म्हणाला होतात.”

इतके दिवस गिळलेलं बोलणं असं एका दमात बाहेर पडलं. म्हातारीचा हात पुढे आला होता तो तसाच राहिला. शेवंतीला आपण काय बोललो ते कळलं, पण परत घ्यायला ती थांबली नाही. ती गॅलरीतून चालत निघाली आणि जिन्याशी पोचेपर्यंत पळू लागली.

खाली चाळीच्या दाराला आतून हातगाडी आडवी लावलेली होती. तिच्यापाशी स्टुलावर अप्पा बसले होते. चाळीत भांडण झालं की सोडवायला, कुणी गेलं की खांदा द्यायला पहिले पुढे होणारे हेच. शेवंतीला बघून ते उभे राहिले.

“अप्पा, गाडी बाजूला घ्या.”

“वेडी आहेस काय? नाक्यावर बंदुका रोखून उभे आहेत. बाई, पोर काही बघत नाहीत ते.”

“हिचा आवाज पुन्हा गेलाय.”

अप्पांना मागची गोष्ट माहीत होती. ते पोरीच्या तोंडाकडे बघत राहिले. बाहेर कुठेतरी, बहुधा पुलाच्या बाजूला, फाट्कन आवाज झाला. मागोमाग आणखी दोन. चौकातली कबुतरं उडाली आणि वरच्या सगळ्या मजल्यांवर दारं आपटली. शेवंती जागची हलली नाही. तिनं कमळीचं डोकं पदराखाली घेतलं फक्त.

“बरं,” अप्पा म्हणाले. त्यांनी दोरीवरचं आपलं धोतर ओढलं आणि काठीला बांधायला घेतलं. “मी हे धरून पुढे चालतो. तू माझ्या पाठीला चिकटून ये. भिंत सोडायची नाही.”

म्हणजे आता या म्हाताऱ्या माणसाचा जीवही तिच्या हातात आला. काल कमळीला पाळण्यात हसताना बघून आपणही मनातल्या मनात तोच शब्द म्हटला होता, हे शेवंतीला आठवलं. तिला स्वतःचाच संताप आला. अप्पांनी हातगाडीचा दांडा उचलला.

“शेवंते.”

जिन्यावर सासू होती. तिचे गुडघे धरलेले असत, नळावरसुद्धा ती उतरत नसे. अनवाणी, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत ती खाली येत होती.

“मी तुका अडवूचंय नाय,” ती धापा टाकत म्हणाली. “इल्लोसो वेळ दी. मगे जा.”

“आये, वेळ नाही.”

“तां माका कळता. दी तिका माझ्याकडे.”

म्हातारी शेवटच्या पायरीवर बसली. तिथे चौकातलं ऊन थेट येत होतं. शेवंतीनं अप्पांकडे पाहिलं, त्यांनी दांडा खाली ठेवला होता. तिनं दात आवळून पोर सासूच्या मांडीवर ठेवली. आता ही मीठमोहऱ्या काढील, अंगारा लावील, हिला काय सांगावं, असं तिच्या मनात येत होतं.

कमळी बिनआवाजाची रडत होती. रडता रडताच तिनं दुपट्यातून पाय बाहेर काढला आणि उचलून म्हातारीच्या हातापुढे धरला.

शेवंती बघतच राहिली.

म्हातारीनं पाऊल डाव्या हातात घेतलं. अंगठा कुठे ठेवायचा ते तिला शोधावं लागलं नाही. तिनं तो दाबला, एक मोठा श्वास घेऊन सोडला आणि उचलला. कमळीचं रडं थांबलं होतं. पुढे काय होतं ते माहीत असल्यासारखी ती आजीच्या तोंडाकडे बघत होती.

“रोज?” शेवंतीनं विचारलं.

“तू नळार गेलंस की,” म्हातारी म्हणाली. मान तिनं वर केली नाही. “रोज काय, कधी कधी दोनदा. तू दाबतंस तां माका म्हायत होता. पण तुझो अंगठो कापता. कापलो की काय कळना नाय.” तिनं पाऊल उन्हात धरलं. “बघ. खळगो नाय. तू बघ आपल्या डोळ्यांन.”

शेवंती पायरीखाली उकिडवी बसली. म्हातारीनं पुन्हा दाबून दाखवलं. अंगठ्याखाली पांढरं पडलेलं कातडं लगेच गुलाबी झालं आणि वर आलं. दुसरं पाऊलही तसंच. शेवंतीला विश्वास ठेवायची भीती वाटत होती.

“मग आवाज? आणि डोळे? तेव्हाही असंच झालं होतं.”

म्हातारीलाही ते माहीत नव्हतं. तिनं पोरीला जवळ घेतलं, गाल गालाला लावला. मग तिची मान एकाएकी मागे गेली आणि तिला सटासट शिंका आल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं. शेवंतीला वाटलं, म्हातारी रडतेय.

“ह्यां दुपटा,” म्हातारी डोळे पुसत म्हणाली, “काल खंय होता?”

“गॅलरीत. दोरीवर.”

“वास घे.”

शेवंतीनं दुपट्याचा कोपरा नाकाला लावला. मिरच्या जळल्यावर येतो तसा ठसका नाकात गेला आणि डोळे चुरचुरले. काल नळकांडी फुटली तेव्हा कपडे दोरीवरच होते. तिनं ते आत आणले, धूर बाहेर राहिला म्हणून देवाचे आभार मानले आणि तोच धूर पोरीच्या अंगाभोवती गुंडाळून तिला रात्रभर निजवली. आत्ताही त्यातच गुंडाळून ती तिला गोळीबारातून न्यायला निघाली होती.

म्हातारीनं ते दुपटं काढून लांब फेकलं आणि उघड्या पोरीला स्वतःच्या लुगड्याच्या पदरात घेतलं.

“आता पाज तिका,” ती म्हणाली. “तेव्हा तिना तोंडात धरूक नाय. आज धरता काय बघ.”

अप्पा पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. काठीला बांधलेलं धोतर अजून त्यांच्या हातात होतं. शेवंतीनं पदराआड पोरीला घेतलं. कमळीनं तोंड लावलं, सोडलं, मान फिरवली. शेवंतीनं सासूकडे पाहिलं. सासूचे ओठ पुटपुटत होते. पुन्हा लावलं, पुन्हा सोडलं. बाहेर एक गाडी घरघरत गेली. तिसऱ्यांदा कमळीनं धरलं आणि असं ओढलं, की नवा दात लागून शेवंती कळवळली. त्या दुखण्याचा तिला इतका आनंद झाला की ती हलली नाही.

“ओढतेय,” ती म्हणाली.

“वायच वाट बघू,” म्हातारी म्हणाली. “धुऊया, पुसूया. उतार नाय पडलो तर चारची वाट बघूची नाय. तुझ्या पुढ्यात मी चलतंय. गोळी माका लागांदे.”

हे तिनं भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं. शेवंतीनं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथे थोडा वेळ राहू दिला.

वर येऊन दोघींनी पाणी तापवलं, पोरीला चोळून न्हाऊ घातलं, घरातला कपडा न् कपडा मोरीत टाकला. कमळीला जाईबाईनं आणून दिलेल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात निजवली. जाईबाई दारातून बघत होती आणि आज तिच्यानंही काही बोलवत नव्हतं. मग वाट बघणं सुरू झालं. घटकाभरानं शेवंती पाऊल दाबायची, घटकाभरानं म्हातारी. एकमेकींपासून लपवायचं आता काही उरलं नव्हतं. दरवेळी शेवंती सासूच्या तोंडाकडे बघायची. सासू मान हलवायची, नाही म्हणून. दोघींपैकी कुणी जेवलं नाही.

ऊन गॅलरीतून उतरलं तेव्हा कमळी जागी झाली. पापण्या निवळल्या होत्या. तिनं आजूबाजूला पाहिलं, आपण कुणाच्याच मांडीवर नाही हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं भोकाड पसरलं. आवाज घोगरा होता, पण होता. तो गॅलरीभर गेला. दोघींपैकी कुणीही तिला गप्प करायला उठलं नाही. दोघी बसून ऐकत राहिल्या.

कर्फ्यू उठल्याचं खालून ओरडून कुणी सांगितलं तेव्हा इस्पितळात जायला त्या तयारच होत्या. एकदा दाखवलेलं बरं, असं दोघींचं ठरलं होतं. शेवंतीनं चपला घातल्या, तोच जिना धडधडवत कुशाबा आला. सदरा फाटलेला, डोळे तांबडे, घोषणा देऊन देऊन गळा बसलेला. त्यानं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि कमळीला उचलून उजेडात धरली. दोनच दिवस पोर दिसली नव्हती. तो नीट बघू लागला, गाल, मनगटं, मांड्या, आणि त्याच्या तोंडावरचं हसू मावळलं.

“शेवंते,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “ही सुजली तर नाय ना?”

म्हातारी शेवंतीकडे बघू लागली. सांगायचं ते सुनेनं सांगावं म्हणून थांबल्यासारखी ती उभी होती.

“नाही,” शेवंती म्हणाली. “बाळसं आहे ते. आयेनं बघितलंय.”

म्हातारीनं लगबगीनं पोरीच्या तोंडावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मग ती भिंतीकडे वळली आणि पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. धुराचा त्रास अजून होतोय, असं पुटपुटली.

बापाच्या हातावर बसलेल्या कमळीनं पाय उचलला आणि त्याच्यापुढे धरला. कुशाबाला त्या पावलाचं काय करायचं ते कळेना. त्यानं ते मुठीत घेतलं आणि तसंच धरून राहिला.